जुना लॅपटॉप आणि वेबकॅम वापरून घराच्या दारावर कॅमेरा कसा बसवायचा

गणपतीला किंवा मे महिन्यात गावाला जायचं ठरलं की मुंबईतल्या घराला आठ-दहा दिवस कुलूप लागतं, नाहीतर दोघंही नोकरीला आणि घरी फक्त आई-बाबा, अशा वेळी दाराशी कोण येतंय ते दिसलं तर बरं असं प्रत्येकाला वाटतं. रेडिमेड वायफाय कॅमेरे मिळतात आणि त्यातले काही चांगलेही आहेत, पण बहुतेकांचं फुटेज आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, मग आपल्या फोनवर येतं, आणि आपल्या घराचं चित्रण दुसऱ्या कोणाकडे का असावं हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक घरांत कपाटावर एक जुना लॅपटॉप पडलेला असतो, लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला वेबकॅमही कुठेतरी ड्रॉवरमध्ये असतो. तेवढ्यात काम होतं. खाली सगळं क्रमाने सांगतोय, कॉम्प्युटरची फार माहिती नसली तरी एका रविवारी जमेल.

आधी काय बघायचंय ते ठरवा

लोक इथेच घाई करतात, सामान गोळा करतात आणि मग कॅमेरा कुठे लावू विचारतात. उलटं करा. सीसीटीव्हीसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीतला हिशोब आपल्या फार कामाचा आहे: अनोळखी माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटवायची असेल तर चित्रात एक मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, आणि नुसतं कोणीतरी आलंय एवढं कळायला २५.

आता जुना साधा वेबकॅम घ्या, ६४० बाय ४८० चा. चित्राची रुंदी ६४० पिक्सेल. फ्रेममध्ये अडीच मीटर रुंदीची जागा घेतली तर मीटरमागे २५६ पिक्सेल झाले, म्हणजे चेहरा ओळखता येईल. तोच कॅमेरा गॅलरीतून खाली दहा मीटर रुंदीच्या पार्किंगकडे वळवला तर मीटरमागे ६४ उरतात, माणूस दिसेल पण कोण ते सांगता येणार नाही. म्हणजे स्वस्त कॅमेऱ्याला जागा छोटी द्या, तो महागड्या कॅमेऱ्याचं काम करतो. आपल्या फ्लॅटचं मुख्य दार तीन-साडेतीन फुटांचं असतं, त्यामुळे दार आणि आजूबाजूची थोडी जागा एवढंच फ्रेममध्ये घ्या, बाकी घर नको.

साध्या वेबकॅमचा एक अंदाज लक्षात ठेवा, जेवढ्या अंतरावर ठेवाल साधारण तेवढीच रुंदी फ्रेममध्ये येते. म्हणजे दारापासून दोन-अडीच मीटरवर, हॉलमधल्या शोकेसवर किंवा टीव्ही युनिटच्या बाजूला. उंची डोक्याच्या लेव्हलला किंवा किंचित वर ठेवा. छताला लावला की फक्त केस आणि टोपी दिसते.

दाराच्या आतून बघणारा कॅमेरा मी नेहमी पहिली पसंती म्हणून सुचवतो. परवानगीची गरज नाही, पावसाचा त्रास नाही, वायर भिंतीतून काढायची नाही, आणि घरात शिरणारा प्रत्येक माणूस समोरून चेहऱ्यासकट सापडतो. बाहेरच्या पॅसेजवर नजर हवी असेल तर त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय तिकडे कॅमेरा वळवू नका.

सामान

लॅपटॉप दोन जीबी रॅमचा असला तरी चालतो. स्क्रीन फुटलेली, कीबोर्डची काही बटणं गेलेली, काही फरक पडत नाही, सेटिंग करताना बाहेरचा कीबोर्ड आणि टीव्ही लावता येतो. लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा चालू असेल तर वेबकॅमचीही गरज नाही, अख्खा लॅपटॉपच दाराकडे तोंड करून ठेवा, सगळ्यात स्वस्त पद्धत हीच.

डेस्कटॉप चालतो, पण विजेचा हिशोब करा, कारण मशीन चोवीस तास चालणार. २० वॉट घेणारा लॅपटॉप महिन्याला साधारण १४ युनिट खातो, ८० वॉटचा जुना डेस्कटॉप ५८ च्या आसपास. तुमच्या बिलातल्या वरच्या स्लॅबचा दर घेऊन गुणा, मग कळेल की फुकटातला डेस्कटॉप खरंच फुकट आहे का. शिवाय लॅपटॉपला बॅटरी असते, लाइट गेली तरी तो चालू राहतो. मुंबईत लाइट फारशी जात नाही हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली होती, लोकलसकट. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो लावला तर नेटही टिकतं.

बॅटरीची मात्र एक गोष्ट आधी बघा. जुनी बॅटरी सतत चार्जिंगवर राहिली की फुगू शकते. टचपॅड वर आलेलं दिसलं, तळ टेबलावर नीट बसत नसेल, तर ती बॅटरी काढून टाका आणि लॅपटॉप थेट ॲडॉप्टरवर चालवा. ह्यात चालढकल करू नका, घरात कोणी नसताना चालणारी वस्तू आहे ही. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, असेल तर चालू करा. आणि लॅपटॉप गादीवर, कपड्यांच्या कपाटात किंवा देव्हाऱ्याजवळ ठेवू नका, खाली हवा खेळेल अशा जागी ठेवा.

वेबकॅम नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. दुकानदाराला एवढंच सांगा की ड्रायव्हर न टाकता चालणारा यूव्हीसी वेबकॅम पाहिजे. यूव्हीसी हे यूएसबी कॅमेऱ्यांचं ठरलेलं मानक आहे आणि लिनक्सला (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम, पुढे आपण तीच टाकणार आहोत) ते २००८ पासून आपोआप कळतं. काउंटरवरच लावून चित्र बघून घ्या. वायर पुरत नसेल तर लक्षात घ्या, यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंतच धरायची, त्यापुढे आतमध्ये सर्किट असलेली ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन लागते, साधी एकाला एक जोडत गेलात तर कॅमेरा मधेच गायब होतो.

लिनक्स टाकणं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही, म्हणून मी सरळ लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका म्हणतो, हलकी आहे आणि दिसायलाही ओळखीची वाटते. मशीन फारच जुनं, ३२ बिटचं असेल तर डेबियन १२ घ्या, डेबियन १३ पासून ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर ते टाकता येत नाही.

आधी लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या, कारण डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटची फाइल डाउनलोड करून रुफस किंवा बलेना एचर ह्या प्रोग्रॅमने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा, जुना लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू करा (बहुतेक वेळा एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून मेनू येतो) आणि इन्स्टॉल करा. लिनक्स टाकण्यावर खूप काही आहे, इथे कॅमेऱ्यापुरत्या चार गोष्टी सांगतो.

टाइमझोनमध्ये मुंबई नाव सापडणार नाही, कोलकाता निवडा. वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्या असं सेटिंग चालू ठेवा, कारण क्लिपवरची वेळ चुकीची असेल तर ती क्लिप पुढे कोणी गांभीर्याने घेत नाही. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, तो आधी बदला, म्हणजे नेट नसतानाही घड्याळ मागे जाणार नाही.

डिस्क एन्क्रिप्ट करायची का असं विचारेल, ह्या मशीनपुरतं नको म्हणा. एन्क्रिप्ट केली तर लाइट जाऊन आली की मशीन पासवर्डची वाट बघत बसेल आणि तुम्ही तिकडे सावंतवाडीला. त्याऐवजी ह्या लॅपटॉपवर स्वतःचं काहीच ठेवू नका, ना मेल, ना बँक.

पॉवरच्या सेटिंगमध्ये सस्पेंड कधीच नको असं करा. वेगळा वेबकॅम लावणार असाल आणि लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर झाकण बंद केल्यावर काही करू नको हा पर्याय निवडा, आणि ईटीसी फोल्डरमधल्या सिस्टमडी फोल्डरात लॉगइनडीची कॉन्फ फाइल असते, तिच्यातही हँडल लिड स्विच ह्या ओळीची किंमत इग्नोर करा, नाहीतर कोणी लॉगिन केलेलं नसताना मशीन झोपतं. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणारी मूळ सेटिंग) वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय असतो, तो ऑन करा.

शेवटचं, हार्ड डिस्कची तब्येत. मिंटच्या डिस्क्स ॲपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसतो, त्यात रिअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा) आकडा वाढत चालला असेल तर ती डिस्क जाणार आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

आता कॅमेरा जोडा आणि चीज नावाचं ॲप टाकून उघडा. चित्र आलं? मग पुढे. धूसर असेल तर लेन्सभोवतीची रिंग हाताने फिरवून बघा, बऱ्याच स्वस्त वेबकॅमला फोकस हातानेच करावा लागतो. चित्रात आडव्या पट्ट्या सरकत असतील तर ट्यूबलाइटचा परिणाम आहे, जीयूव्हीसीव्ह्यू ॲपमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपल्याकडची वीज ५० ची आहे.

मोशन: खरं काम करणारा प्रोग्रॅम

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मोशन शोधा आणि टाका. फुकट आहे, जुना आहे, आणि एकच काम मन लावून करतो: कॅमेऱ्याचं चित्र सतत बघत राहतो, लागोपाठच्या फ्रेममध्ये किती पिक्सेल बदलले ते मोजतो आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की रेकॉर्डिंग सुरू करतो. चोवीस तास रेकॉर्ड करायचं नाही हे महत्त्वाचं, कारण एक मेगाबिटचा साधा व्हिडिओसुद्धा दिवसाला जवळपास ११ जीबी खातो, आणि आठ दिवसांचं फुटेज बसून बघणार कोण?

सगळी सेटिंग ईटीसी फोल्डरमधल्या मोशनच्या कॉन्फ फाइलमध्ये आहेत, ॲडमिन म्हणून उघडा, आधी तिची एक कॉपी करून ठेवा. नावं मी देवनागरीत देतोय, फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत असतात आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर असतो. एखादी ओळ फाइलमध्ये नसेल तर स्वतः लिहा.

विड्थ ६४०, हाइट ४८०. फ्रेमरेट १० पुरे, दारातून येणाऱ्या माणसाला त्याहून जास्त लागत नाही आणि जुना प्रोसेसर तापत नाही. टार्गेट डिर म्हणजे क्लिप कुठे ठेवायच्या, ती आहे तशीच राहू द्या, कारण मोशन स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो आणि तुमच्या फोल्डरमध्ये लिहायची त्याला परवानगी नसते, नवीन लोक इथेच तासन् तास अडकतात.

मग थ्रेशोल्ड. मूळ किंमत १५००, म्हणजे ६४० बाय ४८० च्या तीन लाख सात हजार पिक्सेलमधले साधारण अर्धा टक्का. आहे तशी ठेवून दोन दिवस चालवा. पंख्यामुळे हलणारा पडदा, खिडकीतून आत येणारं ऊन, मांजर, सगळ्याच्या क्लिप तयार होतील. मग आकडा हळूहळू वाढवा, ३०००, ४०००, आणि प्रत्येक वेळी स्वतः दारातून आत येऊन बघा की तुमची क्लिप बनते का. ह्या कामाला वेळ द्या, बाकी सगळं सेटिंग एकदाच करायचं असतं पण कॅमेरा उपयोगाचा ठरतो तो इथे. मिनिमम मोशन फ्रेम्स ३ केलं तर एखाद्या फ्रेमपुरती आलेली चमक गाळली जाते. लाइटस्विच पर्सेंट हे दिवा लागल्या-विझल्यामुळे येणाऱ्या खोट्या क्लिपसाठी आहे, ज्यांच्या पॅसेजमध्ये सेन्सरचा दिवा आहे त्यांनी नक्की वापरा.

पडदा किंवा पंखा फ्रेममधून काढताच येत नसेल तर मास्क करा. जिम्प ह्या चित्रं बनवायच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्याच मापाचं, ६४० बाय ४८० चं, काळं-पांढरं चित्र बनवा, जिथे लक्ष द्यायचं तिथे पांढरं, जिथे दुर्लक्ष करायचं तिथे काळं, पीजीएम प्रकारात सेव्ह करा आणि मास्क फाइलच्या ओळीत त्याचा पत्ता द्या. काळा भाग व्हिडिओत दिसतो, फक्त तिथल्या हालचालीने रेकॉर्डिंग सुरू होत नाही.

प्री कॅप्चर ५ ठेवा, म्हणजे हालचालीच्या आधीच्या पाच फ्रेम क्लिपमध्ये येतात, दार उघडण्याचा क्षण सुटत नाही. इव्हेंट गॅप ६० असतो, हालचाल थांबल्यावर साठ सेकंदांनी तो प्रसंग संपला असं धरलं जातं, घरात वर्दळ असेल तर ३० करा.

फाइल सेव्ह करा, मोशनची सर्व्हिस कायमची चालू करा, मशीन रीस्टार्ट करा आणि काही न करता क्लिप बनतेय का बघा. हे जमलं म्हणजे लाइट जाऊन आल्यावरही जमेल.

जुन्या क्लिप उडवायला क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम आपोआप करणारी लिनक्सची सोय) एक ओळ टाका, रोज पहाटे पंधरा दिवसांपेक्षा जुन्या फाइली डिलीट करणारी. डिस्क भरली की नवीन काही रेकॉर्ड होत नाही आणि मशीन वरून चालूच दिसतं.

रात्रीचं काय

वेबकॅमच्या लेन्समागे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे त्याला अंधारात काहीही दिसत नाही, इन्फ्रारेडचे दिवे आणून लावले तरी नाही. सरळ उपाय म्हणजे दाराजवळ तीन-पाच वॉटचा एलईडी रात्रभर चालू ठेवा. घरात उजेड दिसला तर कुलूप असूनही कोणी आहे असं वाटतं, तोही फायदाच. कॅमेरा खिडकीच्या काचेआडून बाहेर बघत असेल तर लेन्स काचेला टेकवून बसवा, नाहीतर आतल्या दिव्याचं प्रतिबिंब रेकॉर्ड होत राहील.

फोनवर बघायचं असेल तर

मोशनचं थेट चित्र ८०८१ पोर्टवर मिळतं, पण सुरुवातीला ते फक्त त्याच मशीनवर दिसतं. स्ट्रीम लोकलहोस्ट ऑफ करा, आणि त्याच वेळी स्ट्रीम ऑथेंटिकेशनमध्ये युजरनेम-पासवर्ड द्या आणि स्ट्रीम ऑथ मेथड २ करा. पासवर्ड न देता लोकलहोस्ट ऑफ करू नका, मग तुमच्या वायफायवर आलेला प्रत्येक पाहुणा तुमचं दार बघू शकतो. आता फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), कोलन आणि ८०८१ टाकलं की चित्र येईल. राऊटरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी कायमचा करून ठेवा.

हे घरातल्या वायफायपुरतं झालं. बाहेरून बघायला कोणी पोर्ट फॉरवर्ड कर, म्हणजे राऊटरमधून कॅमेऱ्यापर्यंत इंटरनेटला थेट वाट उघड, म्हणेल, करू नका. एक तर आपल्याकडचे बरेच नेटवाले एकच पब्लिक आयपी अनेक घरांना वाटतात, त्यामुळे ते चालतच नाही, आणि चाललं तर जास्त वाईट. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि ते केवळ कंपनीतून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. त्याऐवजी लॅपटॉपवर आणि फोनवर टेलस्केल टाका, घरगुती वापराला फुकट आहे, दोन्ही उपकरणांमध्ये खाजगी बोगदा तयार होतो आणि बाहेरच्या जगाला तुमचा कॅमेरा दिसतच नाही.

चोर लॅपटॉपच घेऊन गेला तर? म्हणून लॅपटॉप नजरेआड ठेवा, फक्त वेबकॅम बाहेर, आणि सिंकथिंग टाकून क्लिपचं फोल्डर तुमच्या फोनवर किंवा भावाच्या घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप कॉपी होऊ द्या. तेही तुमचंच उपकरण, मधे कोणाचा सर्व्हर क्लिप साठवत नाही.

पॅसेज, शेजारी आणि घरात येणारी माणसं

चाळीत किंवा सोसायटीत पॅसेज सगळ्यांचा असतो. कॅमेरा बाहेर बघणार असेल तर समोरच्यांना आधी फोनवर चित्र दाखवा, त्यांचं दार फ्रेममध्ये येत असेल तर कॅमेरा वळवा, दार उघडं असताना त्यांच्या घरातलं काहीही दिसता कामा नये. मोशनमध्ये आणखी एक मास्क आहे, मास्क प्रायव्हसी नावाचा, त्यातला काळा भाग व्हिडिओतही काळाच येतो, तो अशाच ठिकाणी वापरा. मॅनेजिंग कमिटीला दोन ओळींचं पत्र देऊन पोच घ्या. एखाद्या बाईचं तिच्या खाजगी क्षणी चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, तेव्हा कोणाची खिडकी किंवा न्हाणीघराचं दार चुकूनही फ्रेममध्ये नको.

कामाला येणाऱ्या मावशींना कॅमेरा कुठे आहे आणि काय बघतो ते स्पष्ट सांगा. आई-बाबांनाही. त्यांच्या काळजीसाठी लावलेला कॅमेरा त्यांना पाळत वाटू नये, म्हणून तो दाराकडेच असू द्या आणि घरात सगळे असताना बंद ठेवायची मोकळीक त्यांना द्या. मोशन वेबकॅमचा आवाज रेकॉर्ड करत नाही, मला हे चांगलंच वाटतं.

खरंच काही झालं तर

क्लिप कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी मूळ समजू नका, कारण तिथे व्हिडिओ पुन्हा दाबला जातो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी घ्या आणि लॅपटॉपवरही तशीच राहू द्या, जुन्या फाइली उडवणारी क्रॉनची ओळ लगेच बंद करा. लिनक्समध्ये त्या फाइलची एसएचए २५६ ची किंमत, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, काढता येते, ती लिहून ठेवा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही किंमत बदलते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात ही किंमत मागितलेली आहे. जुन्या कायद्यात हेच ६५ ब होतं, आणि मूळ उपकरण कोर्टात आणता येत नसेल तर हे प्रमाणपत्र लागतंच, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात सांगितलं, त्या खटल्यातही प्रश्न व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता. चौकीला जाताना पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याची जागा दाखवणारा एक फोटो आणि लॅपटॉपचं मॉडेल-सिरीयल नंबर लिहिलेला कागद एवढं घेऊन जा, आणि लॅपटॉप जमा करून घेतला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते वाचूनच सही करा.